अनुभव धागा : फ्रान्सच्या खेड्यातलं ब्रिटिश घर

आमच्या वस्तीत राहती घरं बावीस. त्यातल्या चारांत ब्रिटिश जोडपी, आणि त्या चारांतलं एक आमचं. नवरा यॉर्कशरचा, मी कोल्हापूरची, पासपोर्ट दोघांचेही ब्रिटिश. २०१३ साली लीड्सचं घर विकून आम्ही लिमोजच्या उत्तरेला, ओत-व्हिएन जिल्ह्यात आलो. माहेरी गेले की हमखास प्रश्न येतो, "तिथं दिवसभर करता तरी काय?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लॅव्हेंडरची जांभळी शेतं असतात. ती दूर दक्षिणेत, प्रोव्हान्सला. आमच्याकडे पाऊस, ग्रॅनाइटच्या भिंती, चेस्टनटची झाडं आणि तांबूस रंगाच्या लिमूझँ गाई.

२०१६च्या जनगणनेत फ्रान्समध्ये सुमारे १ लाख ४८ हजार ब्रिटिश होते आणि त्यातले जवळपास चौथा हिस्सा आमच्या नूव्हेल-अकितेन प्रांतात. एवढी घरं म्हटल्यावर कुठे ना कुठे मराठी माणसाचा संबंध आलाच असणार. सून म्हणून, शेजारी म्हणून, कामाला गेलेला विद्यार्थी म्हणून. ज्यांनी असं घर आतून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. निसर्गवर्णन नको, रोजचं लिहा.

सुरुवात माझ्यापासून करते. आमचं वर्ष लाकडाभोवती फिरतं. जाड दगडी घर, त्यामुळे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात त्याहून गार. लाकूड इथे स्तेरच्या मापाने विकतात. एक स्तेर म्हणजे एक मीटर लांब, रुंद, उंच अशी रचलेली रास. पहिल्या वर्षी आम्ही ऑक्टोबरात लाकूड मागवलं. ओलं निघालं. शेगडीच्या काचेवर काजळी धरली, धूर घरात, उष्णता शून्य. पलीकडच्या शेतकरी आजोबांनी दोन ओंडके घेतले, एकमेकांवर आपटले आणि नुसती मान हलवली. वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द वाजतं, हे त्यांनी एक शब्द न बोलता शिकवलं. तेव्हापासून दोन वर्षं आधीचा साठा करतो. ओक आणि चार्म (इंग्रजीत हॉर्नबीम) शेगडीला. चेस्टनट फार तडतडतं, ठिणग्या उडवतं, ते उघड्या चुलीत घालायचं नाही. वर्षातून एकदा धुराडं साफ करणारा येतो आणि त्याचा दाखला विम्याच्या फायलीत लावायचा. आग लागली आणि दाखला नसला तर विमेवाले आधी तोच मागतात.

पावाची गाडी पूर्वी आठवड्यातून चारदा हॉर्न वाजवत यायची. आता ती बंद झाली, शेजारच्या गावात चौकात बागेत म्हणजे लांब फ्रेंच पाव देणारं यंत्र बसलंय. नाणी टाकली की गरम पाव पडतो. सोय झाली खरी, पण गाडीपाशी पाच बायका जमायच्या आणि मी फ्रेंच शिकले ती तिथेच, वर्गात नाही. गाडी गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

फ्रेंच समोरासमोर मला चांगलं येतं. फोनवर मात्र हात-तोंड दिसत नाही आणि माझी गाळण उडते. म्हणून घरात वाटणी झाली: फोन, पत्रं, कर, लाकडाची ऑर्डर त्याची, लाकूड रचणं, बाग, शेजार माझा. अशी वाटणी तुमच्याही पाहण्यात आहे का?

पुढचं तुम्ही लिहा.

लिमोज, मूळ परभणी

ताई, मी आजवर वाचनमात्र होतो, पण हा धागा माझ्याच भागातला निघाला म्हणून लिहितोय. सिरॅमिक्स शिकायला लिमोजला आलो. चिनी मातीच्या भांड्यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे, त्यामुळे इथे या विषयाचं शिक्षण चांगलं. दुसऱ्या वर्षी एका ब्रिटिश जोडप्याकडे शनिवारी कामाला जायचो. दोघंही सत्तरीच्या पुढचे. काका स्टेशनवर घ्यायला यायचे, कारण त्यांच्या गावाला बस फक्त शाळेच्या मुलांची.

काम म्हणजे लाकूड रचणं, पन्हाळी साफ करणं, गवत कापणं. रोख पैसे द्यायला काकूंनी ठाम नकार दिला. इथे घरकामाच्या माणसालाही सेझू नावाच्या सरकारी व्यवस्थेतून पगार देता येतो. मालकाने इंटरनेटवर तास भरले की पगारपत्रक आपोआप तयार होतं आणि विमा-निवृत्तीचे हप्ते कापले जातात. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तासच काम करता येतं, तो हिशेब काकू माझ्याआधी ठेवायच्या. मला आयुष्यातलं पहिलं पगारपत्रक त्या घरातून मिळालं.

आमची खरी गट्टी जमली चहावर. फ्रेंच दुकानात रांगेने ठेवलेलं असतं ते महिनोन्‌महिने टिकणारं दूध. त्या दुधाचा चहा काकूंना चालत नसे आणि मलाही. ताज्या दुधासाठी त्या दहा-बारा किलोमीटर जायच्या. लेक इंग्लंडहून आली की चहापत्तीचे डबे आणायची. आधी ती बेकन आणि चेडरही आणायची म्हणे, पण १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आली. चहाला बंदी नाही. मी एकदा आलं-वेलची घालून उकळलेला चहा केला. काकांनी दोन कप घेतले आणि पुढच्या शनिवारी आल्याचा भलामोठा तुकडा आधीच आणून ठेवलेला.

एक गोष्ट मनात राहिली. काकांना फ्रेंच जेमतेम 'बोंजूर' आणि 'मेर्सी' एवढंच. पंधरा वर्षं राहूनही. सगळं काकू बोलायच्या. दुपारी रेडिओवर कसोटी सामना लागला की काका माझ्याशी तासन्‌तास बोलायचे आणि काकू हळूच म्हणायच्या, आठवडाभरात एवढं ते कुणाशी बोलले नाहीत.

रेडिंग, इंग्लंड

वरचा अनुभव वाचून थांबले. आमच्या घरी हेच झालं, फक्त शेवट वेगळा.

माझे सासू-सासरे दोर्दोन्यमध्ये, एमेजवळ राहायचे. तिथे गुरुवारचा बाजार भरतो आणि चौकात फ्रेंचइतकीच इंग्रजी ऐकू येते. क्रिकेट क्लबही आहे. सासरे तिथे पंचगिरी करायचे. (१९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा एकच सामना झाला आणि फ्रान्सच्या संघात बहुतेक तिथे राहणारे ब्रिटिशच होते, हे मला त्यांनीच सांगितलं. फार अभिमानाने सांगायचे.)

२०१९ साली सासूबाईंना कॅन्सर निघाला. त्यानंतर मी जे पाहिलं त्याबद्दल मला कृतज्ञताच वाटते. ब्रिटिश पेन्शन घेणाऱ्यांना एस-वन नावाचा फॉर्म मिळतो, तो दिला की फ्रान्समध्ये उपचार होतात आणि खर्च ब्रिटन उचलतं. त्यावर कार्त व्हिताल मिळतं, आरोग्य विम्याचं हिरवं कार्ड. एरवी डॉक्टरच्या ठरलेल्या फीचे ७० टक्के परत मिळतात, बाकीच्यासाठी लोक वेगळा पूरक विमा काढतात. पण दीर्घ आजारांच्या यादीत नाव गेलं की त्या आजाराचे उपचार ठरलेल्या दराने १०० टक्के. हॉस्पिटल पन्नास किलोमीटरवर. डॉक्टर टॅक्सीची चिठ्ठी लिहून द्यायचे आणि गावातला टॅक्सीवाला केमोला नेऊन आणायचा, तेही विम्यात. रोज सकाळी नर्स घरी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

पण हे सगळं समजून घेणाऱ्या, फोन करणाऱ्या, पत्रं वाचणाऱ्या सासूबाईच होत्या. आजारी माणूसच दुभाषी! शेवटच्या दोन महिन्यांत त्या नर्सला फ्रेंचमध्ये सांगायच्या, मग धाप लागलेल्या आवाजात सासऱ्यांना इंग्रजीत. मी रजा काढून गेले होते, पण माझं फ्रेंच शाळेतलं. मला ते दृश्य आजही सहन होत नाही.

त्या गेल्यावर नोतेरकडे गेलो. नोतेर म्हणजे घराचे व्यवहार आणि वारसा बघणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ, त्याच्याशिवाय तिथे घराचं पान हलत नाही. फ्रेंच कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो: एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर दोन-तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन-चतुर्थांश. २०१५ पासून मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो, पण २०२१मध्ये फ्रान्सने वेगळा कायदा करून त्यातही गुंता वाढवला. आणि माझा नवरा सासूबाईंच्या पहिल्या लग्नाचा, म्हणजे सासऱ्यांचा सावत्र मुलगा. सावत्र अपत्याला मिळणाऱ्या वाट्यावर तिथे ६० टक्के कर! वीस वर्षं ज्यांना 'डॅड' म्हटलं त्यांच्याशी कायद्याच्या लेखी नातं काहीच नाही. ज्यांचं दुसरं लग्न आहे त्यांनी घर घेण्याआधीच नोतेरला हे विचारावं, अगदी हात जोडून सांगते.

सासरे परत यायला तयार नव्हते. दीड वर्ष एकटे राहिले. २०१५मध्ये ब्रिटनने फ्रान्समधल्या पेन्शनरांचा हिवाळी इंधनभत्ता बंद केला होता, कारण सरासरी तापमान काढताना कॅरिबियनमधले फ्रेंच प्रदेशही धरले. त्या आकड्याने दोर्दोन्यच्या जानेवारीत ऊब येत नाही. ते एकाच खोलीत शेगडी पेटवून राहायचे. शेजारची फ्रेंच बाई रोज सूप आणायची, त्यांच्या भाषेतला शब्द येत नसताना समोर बसून राहायची. आता ते आमच्याजवळ रेडिंगला आहेत. तिचं पत्र आलं की मोबाइलवर भाषांतर करून मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते.

मध्य ब्रिटनी, फ्रान्स

माझा नवरा ब्रेटन, म्हणजे मूळचा ब्रिटनीचाच आहे, त्यामुळे मी या गोष्टीकडे शेजारणीच्या बाजूने बघते. आमच्याकडची बकव्हीटची गालेत पहिल्यांदा पाहिली तेव्हा घावनच वाटलं होतं; जाळी तशीच पडते.

समोर राहणाऱ्या ब्रिटिश बाई २०१४ साली गावच्या कौन्सिलवर निवडून आल्या. युरोपीय संघाच्या नागरिकांना इथे स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, उभंही राहता येतं, फक्त महापौर किंवा उपमहापौर होता येत नाही. त्यांनी शाळेच्या जेवणघराचं काम हातात घेतलं आणि फार नेटाने केलं. ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि मार्चच्या निवडणुकीत त्यांना मतदानाचाही हक्क उरला नाही. शेवटच्या बैठकीच्या दिवशी त्या फायली नीट लावून मेरीत देऊन आल्या. मेरी म्हणजे आमची ग्रामपंचायत कचेरी. मी सोबत होते. परत येताना एक अक्षर बोलल्या नाहीत.

राहण्याचा हक्क टिकला. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी इथे रीतसर राहणाऱ्यांना वेगळं निवासकार्ड मिळालं, पाच वर्षं झालेल्यांना दहा वर्षांचं. पण कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला रांगेत उभं राहताना त्यांच्या नवऱ्याने मला विचारलं, "काल मी इथला होतो, आज पाहुणा कसा?" माझी स्वतःची पहिली सहा वर्षं अशाच रांगांत गेली. त्यांना मी काय सांगणार? पण त्या दिवशी आमच्यातलं अंतर मिटलं हे खरं.

बाईंनी फ्रेंच नागरिकत्वाचा अर्ज केला. फ्रेंचची बी-१ पातळीची परीक्षा दिली, प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे सरकारी जिल्हा कचेरीत, मुलाखत. मी त्यांना इतिहासाचे प्रश्न विचारून तयारी करून घ्यायचे, स्वयंपाक करता करता. दरवर्षी ११ नोव्हेंबरला, पहिल्या महायुद्धातला युद्धविराम झाला त्या दिवशी, गावच्या स्मारकापाशी आम्ही जमतो, फ्रेंचांच्या कोटावर निळं ब्लूए फूल, ब्रिटिशांच्या कोटावर लाल पॉपी. नागरिकत्व मिळालं त्या वर्षी त्यांनी दोन्ही लावली होती.

लंडन, मूळ ठाणे

आमचा अनुभव अर्धाच आहे. आम्ही ब्रिटिश मराठी जोडपं, फ्रान्सच्या लोत जिल्ह्यात सुट्टीचं घर. आता व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणून कॅलेंडरवर खुणा करून जातो. घर रिकामं असताना किल्ली शेजाऱ्याकडे. गेल्या वर्षी थंडीत नळ फुटला, त्यानेच पाणी बंद केलं, फरशी पुसली आणि आम्हाला चार दिवसांनी कळवलं, उगाच घाबरू नये म्हणून. सेप्टिक टँकचं मात्र सगळ्यांना सांगते: विकणाऱ्याने तीन वर्षांच्या आतला तपासणी अहवाल द्यावाच लागतो. तो नीट वाचा. टाकी नियमात बसत नसेल तर एका वर्षात दुरुस्त करण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते. आम्ही अहवालाचं पहिलंच पान वाचलं होतं.

ओत-व्हिएन, पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. रेडिंगच्या ताई, तुमचा अनुभव मी नवऱ्याला वाक्यावाक्याने इंग्रजीत सांगितला. तो बराच वेळ गप्प बसला. मग कपाटातून निळी फाइल काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, रोज रात्री जेवणानंतर यातलं एक पत्र तू वाचायचं आणि मला समजावायचं. घराचा कर झाला, वीज झाली, आता पूरक विम्यावर आलोय. त्यालाही मी कामाला लावलंय: दर गुरुवारी तो आजोबांकडे जातो, माझ्याशिवाय. अजून गाईंपलीकडे गप्पा जात नाहीत, पण तासभर टिकतो.

आज महिन्याचा पहिला बुधवार. बाराला चाचणीचा भोंगा वाजला. इथे बारा ते दोन कोणाला फोन करायचा नसतो, म्हणून दोन वाजेपर्यंत थांबले. वाक्यं कागदावर लिहून ठेवली होती. मग लाकूडवाल्याला फोन लावला, नवरा बागेत असताना. आठ स्तेर, ओक आणि चार्म, पन्नास सेंटिमीटरचे तुकडे, सप्टेंबरच्या आत. त्याने एकदाच पुन्हा विचारलं, तेही पत्ता.