हॅरॉल्डने लंडनमध्येच थांबायला हवं होतं का? (हेस्टिंग्ज, १०६६)

सह्यवारा
नमस्कार मंडळी, गेले दोन आठवडे १०६६ वर जे हाताला लागेल ते वाचतोय आणि एका जागी अडकलोय. आधी कथा थोडक्यात सांगतो, कुठे चुकलो तर सांगा. ५ जानेवारीला इंग्लंडचा राजा एडवर्ड वारला, पोटी मूलबाळ नाही, दुसऱ्याच दिवशी बड्या सरदारांनी त्याच्या मेव्हण्याला म्हणजे हॅरॉल्डला राज्याभिषेक करून टाकला. तिकडे समुद्रापलीकडच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम म्हणाला की एडवर्डने मला गादीचा शब्द दिला होता आणि हॅरॉल्डने स्वतः संतांच्या अस्थींवर हात ठेवून माझ्यासाठी शपथ घेतलीय. नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्डराडा त्याहून जुना करार दाखवतोय, आणि त्याला जाऊन मिळाला कोण, तर हॅरॉल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग.

२० सप्टेंबरला नॉर्वेच्या फौजेने यॉर्कजवळ फुलफर्डला उत्तरेच्या सरदारांना झोडपलं. हॅरॉल्ड लंडनकडून जवळपास ३०० किमी दौडत गेला आणि २५ ला स्टॅमफर्ड ब्रिजवर त्यांना बेसावध गाठून संपवलं, हार्डराडा आणि टॉस्टिग दोघंही पडले. ३०० जहाजं घेऊन आले होते म्हणे, उरलेल्यांना परत न्यायला २४ पुरली. आणि बरोब्बर तीन दिवसांनी विल्यम दक्षिणेला पेव्हन्सीच्या किनाऱ्यावर उतरला.

आता माझा प्रश्न. हॅरॉल्ड तसाच मागे फिरला, लंडनला जेमतेम पाच-सहा दिवस थांबला आणि दमलेल्या माणसांना घेऊन पुन्हा ९०-१०० किमी खाली उतरला, आणि हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यमकडून हरून मारला गेला. का? हिवाळा तोंडावर, समुद्र खवळणार, विल्यमची रसद आज ना उद्या तुटणार, इकडे रोज नवी माणसं येऊन मिळतायत. थांबला असता तर काय बिघडलं असतं? मला खरंच कळत नाहीये आणि वाचताना जीव तुटतो.

जुनीवही
कथा बरोबर मांडलीत. पण दादा, विल्यम उतरला तो भाग कुणाचा होता ते बघा. ससेक्स म्हणजे हॅरॉल्डचं घर, त्याच्या गॉडविन घराण्याची वडिलोपार्जित जमीन, तिथली कुळं त्याची स्वतःची माणसं. विल्यमने आल्या आल्या हेस्टिंग्जला लाकडी गढी उभी केली आणि आजूबाजूची गावं लुटायला, जाळायला सुरुवात केली. फौजेला खायला लागतंच, पण हॅरॉल्डला बाहेर ओढायचं हाही हेतू असणारच. बायूच्या त्या लांबलचक पटावर (या स्वारीची चित्रकथा असलेलं जुनं कापड) हे दृश्य आहे बघा, दोन माणसं घराला आग लावतायत आणि खाली एक बाई पोराचा हात धरून बाहेर पडतेय. अख्ख्या पटात बायका अगदी मोजक्या, त्यात ही एक. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये गावोगावची मोजणी झाली तेव्हाही हेस्टिंग्जच्या आसपासच्या कित्येक गावांपुढे एकेकाळी उजाड झाल्याची नोंद आहे.

आणि दुसरं, हॅरॉल्डच्या अंगात राजघराण्याचं रक्त नव्हतं. रक्ताने जवळचा होता तो एडगर, एडवर्डच्या सावत्र भावाचा नातू, पण तो मिसरूड न फुटलेला पोरगा, म्हणून तर हॅरॉल्डला निवडला. विल्यमचं नातंही लांबचंच, एडवर्डची आई एम्मा ही त्याच्या आजोबांची बहीण. म्हणजे हॅरॉल्ड राजा का, तर हा आपलं रक्षण करेल म्हणून. असा नऊ महिन्यांचा राजा स्वतःची रयत जळत असताना लंडनमध्ये बसून राहिला असता तर निवडलं कशाला असं सरदारांनीच विचारलं असतं.

किल्लेदार_नाना
जुनीवही, मुद्दा पटला पण पूर्ण नाही. घाई चूकच होती असं माझं मत आहे. उत्तरेत फुलफर्डला मार खाल्लेले एडविन आणि मॉरकार, हे दोघे हॅरॉल्डच्या बायकोचे भाऊ, ते हेस्टिंग्जला नव्हते. त्याच्याकडे तिरंदाज अगदी कमी. त्या काळच्या इंग्रजी बखरीत लिहिलंय की फौज नीट लागायच्या आतच विल्यम अंगावर आला. म्हणजे जी चाल याने स्टॅमफर्ड ब्रिजवर खेळली तीच विल्यमने याच्यावर उलटवली. नंतरच्या एका इतिहासकाराने तर असं लिहिलंय की भाऊ गर्थ म्हणाला, शपथ तू घेतलीयस, मी नाही, तू मागे थांब, मी लढतो. गर्थ खरंच असं बोलला की नाही ते सोडा, सल्ला अगदी योग्य होता, कारण राजा मागे राहिला असता तर एक लढाई हरून राज्य गेलं नसतं.

एक मात्र हॅरॉल्डच्या बाजूने सांगतो. हा माणूस थांबून बघितलेला आहे! सगळा उन्हाळा दक्षिण किनाऱ्यावर फौज आणि जहाजं घेऊन तो विल्यमची वाट बघत होता, पण वारा उलटा म्हणून विल्यम पलीकडे अडकलेला. ८ सप्टेंबरला धान्य संपलं, शेतकरी माणसं, सुगीचे दिवस, सोडावं लागलं त्यांना घरी. पुढच्या वीस दिवसांत दोन स्वाऱ्या. पुन्हा थांबायचं म्हणजे पुन्हा तेवढी तोंडं पोसायची.

रेडिंगची_वैदेही
मी इंग्लंडात राहते, दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये रणभूमीवर जाऊन आले म्हणून लिहितेय. लढाई हेस्टिंग्जमध्ये नाही, तिथून दहा-अकरा किमी आत झाली, आणि तिथे आता जे गाव आहे त्याचं नावच बॅटल. खालच्या बाजूला दलदल, आम्ही गेलो तेव्हा गवत ओलं होतं आणि बूट घोट्यापर्यंत रुतत होते, आणि तिथून वर बघितलं की कळतं की हॅरॉल्डने जागा काय निवडली होती. चढ फार उभा नाही पण चिलखत घालून, घोड्यावर, वरून कुऱ्हाडी आणि भाले येत असताना पुन्हा पुन्हा चढायचं म्हणजे छाती फुटेल.

नाना, म्हणून मला घाईचं खापर फोडणं पटत नाही. सकाळी नऊच्या सुमारास सुरू झालेली लढाई अंधार पडेपर्यंत चालली, त्या काळात एवढ्या लढाया चालायच्या नाहीत. ढालीला ढाल लावून ती भिंत दिवसभर उभी होती. मधे विल्यमची डावी फळी फुटली, तो मेला अशी आवई उठली, त्याला शिरस्त्राण वर करून तोंड दाखवावं लागलं. इंग्रज मोडले ते खाली पाठलाग करत उतरले तिथे, आधी खऱ्या पळणाऱ्यांच्या मागे आणि मग नॉर्मनांनी मुद्दाम पळ काढल्याचं सोंग केलं तेव्हा. आणि संध्याकाळी हॅरॉल्ड पडला. अजून तासभर जिवंत राहिला असता, अंधार झाला असता, तर विल्यम परक्या मुलखात अर्धी फौज गमावून बसला असता.

बायूचा तो पट खरं तर विणलेला नाहीये, भरलेला आहे, लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने, जवळपास ७० मीटर. माझी आई भरतकाम करायची म्हणून मी इथल्या रेडिंगच्या म्युझियममधल्या हुबेहूब प्रतीसमोर (१८८५-८६ मध्ये लीक गावच्या बायकांनी भरलेली) तासभर उभी होते. डोळ्यात बाण घेतलेला तो माणूस हॅरॉल्डच का, यावर अजून वाद आहे, कारण मूळ पटावर नंतर दुरुस्तीचे टाके पडलेत.

सह्यवारा
वैदेहीताई, नाना, जुनीवही, मनापासून आभार. ८ सप्टेंबरचं मी वाचलं होतं पण प्रश्नाशी जोडलंच नव्हतं. सुगीला घरी गेलेल्या माणसांना महिन्याभरात तिसऱ्यांदा बोलवायचं, आणि तेही वाट बघत बसण्यासाठी, कोण आलं असतं? गर्थला पुढे पाठवायला हवं होतं या नानांच्या मताशी मात्र मी अजून सहमत आहे. त्या एडगरचं पुढे काय झालं?

जुनीवही
हेस्टिंग्जनंतर लंडनच्या सरदारांनी त्यालाच राजा म्हणून निवडलं, पण अभिषेक झालाच नाही. हॅरॉल्डसोबत गर्थ आणि धाकटा लिओफवाईन दोघंही त्याच टेकडीवर पडलेले, फौज उभी करेल असा घरात कुणी उरला नाही. विल्यम लंडनला वळसा घालत गावं जाळत बर्कमस्टेडला आला, तिथे एडगरला घेऊन सगळे शरण गेले. २५ डिसेंबरला वेस्टमिन्स्टरमध्ये विल्यमला मुकुट घातला, आत लोकांनी जयघोष केला तो बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना दंगा वाटला आणि त्यांनी आजूबाजूच्या घरांना आगी लावल्या. लोक चर्च सोडून बाहेर धावले, आत थोडे पाद्री राहिले आणि त्यांनी तसाच विधी उरकला.