आंब्वाझमध्ये अडीच दिवस: गाडी नाही, घाई नाही आणि सोबत सासूबाई

गोदाकाठ

नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या मध्यास आम्ही पॅरिसला मुलीकडे जाणार आहोत. तिच्या सुट्टीतले अडीच दिवस, म्हणजे शुक्रवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परत, ल्वार नदीकाठच्या आंब्वाझ या जुन्या राजनगरात घालवावेत असा विचार आहे. मंडळी चार: मी, यजमान, मुलगी आणि माझ्या सासूबाई. सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. सपाटीवर त्या आमच्यापेक्षा जास्त चालतात, पण जिना दिसला की त्यांना गुडघे आठवतात.

एका पर्यटन कंपनीने दोन दिवसांत पाच राजवाडे असा आराखडा पाठवला होता. तो ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अष्टविनायकाचा गाडीवालासुद्धा देवापुढे हात जोडण्याइतका वेळ देतो." तेव्हा तो बेत रद्द झाला.

माझे प्रश्न असे. गावातला राजवाडा टेकाडावर आहे, तर चढ कितपत आहे? लिओनार्दो दा विंची जिथे राहिला त्या घरात पाहण्यासारखे खरोखर काही उरले आहे का? आणि गाडी भाड्याने न घेता जवळचा आणखी एकच राजवाडा पाहायचा झाला, तर तो कोणता पाहावा? आम्ही शाकाहारी आहोत, अंडे चालते.

अर्धा कप

मी संशोधनाच्या निमित्ताने तीन वर्षे शेजारच्या तूर शहरात होतो आणि पाहुणे आले की त्यांना आंब्वाझला नेणे हे माझे ठरलेले काम होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पॅरिसच्या ऑस्तरलिट्झ स्थानकातून थेट गाड्या आहेत आणि त्यांना पावणेदोन ते दोन तास लागतात. मोंपार्नासहून वेगवान गाडीने सँ-प्येर-दे-कोरला उतरून तिथून स्थानिक गाडी पकडता येते, पण सामान आणि वडीलधारे माणूस सोबत असताना वीस-पंचवीस मिनिटे वाचवण्यासाठी फलाट बदलण्याची यातायात मी करणार नाही. आंब्वाझचे स्थानक नदीच्या उत्तर तीरावर आणि जुने गाव दक्षिण तीरावर आहे. येताना सामानासह टॅक्सी करावी, मात्र संध्याकाळी एकदा तो पूल पायी ओलांडावाच. पूल मध्ये एका बेटाला टेकतो आणि राजवाड्याचे सर्वांत चांगले दर्शन त्या बेटावरूनच होते. सप्टेंबरमध्ये ल्वारला पाणी कमी असते, वाळूचे पांढरे पट्टे उघडे पडतात आणि त्यांवर बगळे उभे असतात. आपण गोदाकाठच्या आहात, तेव्हा उन्हाळ्यातले नदीचे पात्र मी आपल्याला वर्णन करून सांगायला नको.

आता राजवाडा. पहिल्यांदा जाणाऱ्याला आत शिरल्यावर "एवढेच?" असे वाटण्याचा संभव असतो, आणि त्याला कारण आहे. आज उभा आहे तो मूळ वास्तूचा जेमतेम पाचवा हिस्सा. नेपोलियनने हा राजवाडा रॉजे द्युको नावाच्या सिनेटरला दिला, त्याला देखभालीचा खर्च झेपेना, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने बहुतेक इमारती पाडून टाकल्या. त्यामुळे दालने तासाभरात पाहून होतात. खरे पाहायचे ते बाहेरचे प्रशस्त पटांगण आणि बाग, कारण जिथे आज हिरवळ आहे तिथे एके काळी दरबार भरत होता, हे ध्यानात घेऊन फिरले तर तासभर कसा जातो ते कळत नाही.

चढाविषयी: चौकातून वर जाणारा रस्ता फरसबंदीचा उतार आहे, पायऱ्या नाहीत. दम लागतो, पण थांबत थांबत जाता येते. दालनांमध्ये मात्र अरुंद गोल जिने आहेत, तेव्हा सासूबाईंनी तळमजला पाहून बागेत बसावे. त्यांनी चुकवू नये अशी एक गोष्ट म्हणजे मिनिमांचा बुरूज. आठव्या शार्लने बांधवलेल्या या बुरुजाच्या पोटात जिन्याऐवजी चक्राकार चढण आहे. नदीकाठावरून घोडेस्वार आणि गाड्या थेट वरच्या पटांगणात याव्यात म्हणून ती केली होती, आणि आत डोकावले की तिची रुंदी पाहूनच थक्क व्हायला होते. घोड्यालाही मान न वाकवता वर येता यावे अशी व्यवस्था करणारा हा राजा 7 एप्रिल 1498 रोजी टेनिसच्या पूर्वजासारखा एक खेळ पाहायला जाताना याच राजवाड्यातल्या एका बुटक्या दाराच्या चौकटीवर डोके आपटून काही तासांत मरण पावला. तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता, आणि विशेष म्हणजे उंचीने लहान होता.

पटांगणाच्या कडेला सेंट ह्यूबर्टचे लहानसे चॅपेल आहे. दारावरच्या कोरीव पट्टीत शिंगांमध्ये क्रूस असलेले हरीण शोधा. आत लिओनार्दोची समाधी आहे, पण तिची हकिगत सरळ नाही. त्याला पुरले होते ते राजवाड्याच्या आवारातल्या सँ-फ्लोरांताँ या दुसऱ्या चर्चमध्ये, आणि तेही पाडापाडीत गेले. 1863 मध्ये त्या जागी उत्खनन होऊन काही अस्थी मिळाल्या, त्या त्याच्याच असाव्यात असे मानले गेले आणि 1874 मध्ये त्या या चॅपेलमध्ये आणल्या. म्हणून जाणकार "त्याचे मानले जाणारे अवशेष" अशी सावध भाषा वापरतात.

त्याचे घर, क्लो ल्यूसे, राजवाड्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. वाटेत डाव्या-उजव्या हाताला कड्यात कोरलेली घरे दिसतात, आणि त्यांपैकी काहींच्या दारांना आजही पडदे आणि कुंड्या असतात. या भागातला तुफो नावाचा पांढरा दगड इतका मऊ आहे, की राजवाड्यांसाठी तो कापून नेल्यावर उरलेल्या पोकळीत लोकांनी संसार थाटले.

घरात लिओनार्दोचे एकही मूळ चित्र नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. फ्रान्सचा राजा पहिला फ्रांस्वा याच्या आमंत्रणावरून तो 1516 मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आल्प्स ओलांडून आला आणि 2 मे 1519 रोजी इथेच वारला. ऑक्टोबर 1517 मध्ये एका कार्डिनलसोबत आलेल्या आंतोनियो दे बेआतिस या चिटणीसाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की म्हाताऱ्याने तीन चित्रे दाखवली, पण उजवा हात लुळा पडल्यामुळे त्याच्याकडून आता मोठ्या कामाची अपेक्षा नाही. ही नोंद मनात ठेवून ते शयनगृह पाहिले, तर राजाच्या मांडीवर डोके ठेवून त्याने प्राण सोडल्याच्या लोकप्रिय चित्रांपेक्षा ते कितीतरी खरे वाटते. राजा त्या दिवशी आंब्वाझमध्ये नव्हता असेच बहुतेक इतिहासकार मानतात. तळघरात आणि बागेत त्याच्या आराखड्यांवरून बनवलेली यंत्रे आहेत. बागेतली मोठी यंत्रे हाताने फिरवता येतात, झाडे भरपूर आहेत आणि बसायला बाकही आहेत.

थिबा पॉइंट

अर्धा कप यांनी इतके नेमके लिहिल्यावर भर घालण्यासारखे थोडेच उरते. पण राजवाड्याच्या बागेतली एक जागा त्यांच्या लिहिण्यातून सुटली आहे, आणि मी रत्नागिरीचा असल्यामुळे ती मला सर्वांत जवळची वाटली.

फ्रेंचांविरुद्ध पंधरा वर्षे लढलेला अल्जीरियाचा अमीर अब्द अल-कादिर डिसेंबर 1847 मध्ये शरण आला. मुस्लिम प्रदेशात जाऊ देऊ असे वचन त्याला मिळाले होते. प्रत्यक्षात त्याला कुटुंबकबिल्यासह फ्रान्समध्ये कैदेत ठेवले आणि 1848 पासून 1852 पर्यंत याच राजवाड्यात डांबले. शेवटी 16 ऑक्टोबर 1852 रोजी फ्रान्सचा तेव्हाचा अध्यक्ष लुई-नेपोलियन याने स्वतः इथे येऊन त्याला सुटकेची वार्ता दिली. तोवर थंडीने आणि आजाराने त्याच्या गोतावळ्यातली बरीच माणसे दगावली होती. बागेत एका बाजूला त्यांच्या स्मरणार्थ पंचवीस साधे दगड ओळीने उभे आहेत. अल्जीरियन कलावंत राशिद कोराइची याने 2005 मध्ये ही रचना केली.

आमच्याकडे ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये आणून ठेवले आणि तो 1916 मध्ये तिथेच वारला. समुद्राकडे पाहत बसणारा राजा अशी त्याची गोष्ट लहानपणी आम्ही ऐकत आलो, त्यामुळे त्या उंच पटांगणावरून खालच्या नदीकडे पाहताना मला अमीराचे दिवस कसे गेले असतील ते वेगळे सांगावे लागले नाही. बहुतेक पर्यटक लिओनार्दोची समाधी पाहून परत फिरतात. आपण दहा मिनिटे या दगडांनाही द्यावीत. तिथवरची वाट फारशी अवघड नाही.

सहा पस्तीसची लोकल

दुसऱ्या राजवाड्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ब्ल्वा. आंब्वाझहून थेट गाडी आहे, वीस मिनिटांत पोहोचता येते आणि स्थानकापासून राजवाडा पायी दहा मिनिटांवर आहे. एकाच अंगणात उभे राहून तेराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतच्या चार बाजू चार शैलींत पाहता येतात, पहिल्या फ्रांस्वाचा बाहेरून उघडा असलेला नक्षीदार गोल जिना तर अंगणातूनच पुरेपूर दिसतो. 23 डिसेंबर 1588 रोजी राजा तिसऱ्या हेन्रीने आपला प्रतिस्पर्धी असलेल्या गीझच्या ड्यूकला बोलावून घेऊन ज्या मजल्यावर ठार करवले, तो मजलाही पाहता येतो. दगाफटक्याचा इतिहास आपल्याला नवा नाही, पण जागा जशीच्या तशी पाहताना अंगावर काटा येतो.

जवळच्याच शनोंसोच्या राजवाड्याला सगळे जातात, पण मी गेलो तेव्हा रविवारच्या बसवर विसंबलो होतो. वेळापत्रकाखालची बारीक टीप वाचली नव्हती, त्यामुळे थांब्यावर पाऊण तास उभे राहिल्यावर एका सायकलवाल्याने सांगितले, की आज बस नाही. दोष माझाच, पण सोबत वयस्कर माणूस असते तर हाल झाले असते.

अर्धा कप

थिबा पॉइंट यांचे आभार, ती चूक माझीच. ब्ल्वाबद्दल मात्र मतभेद नोंदवतो. राजवाडा उत्तम आहे यात शंका नाही, पण जे पाहण्यासारखे आहे ते वरच्या मजल्यांवर आहे. सासूबाई अंगणात आणि आपण वर, असा प्रकार एकदा आंब्वाझमध्ये झालेलाच असेल.

शनोंसोत याच्या उलट आहे. प्रवेशद्वारापासून वाड्यापर्यंत झाडांच्या सावलीतला लांब, सपाट रस्ता आहे, आणि सर्वांत सुंदर भाग, म्हणजे शेर नदीवर पुलासारखे पसरलेले साठ मीटर लांबीचे दालन, तळमजल्यावरच आहे. दुसऱ्या हेन्रीची प्रिया द्यान द प्वात्ये हिने नदीवर पूल बांधवला. 1559 मध्ये राजा वारल्यावर विधवा राणी कातरीन द मेदिसी हिने द्यानला शोमोंचा वाडा घ्यायला लावून हा आपल्याकडे घेतला आणि तिच्याच पुलावर हे दालन चढवले. दोघींच्या बागा आजही वाड्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत आणि त्यांत कोणाची सरस, यावर आमच्या पाहुण्यांत दर वेळी वाद होई. पहिल्या महायुद्धात याच दालनात जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी जर्मनव्याप्त आणि मुक्त प्रदेशांमधली सीमा होती, त्यामुळे दालनाचे पलीकडचे दार वेगळ्या मुलखात उघडत असे. स्वयंपाकघर पुलाच्या खांबांच्या पोटात आहे. तिथे थोड्या पायऱ्या उतराव्या लागतात, पण टांगलेली तांब्याची भांडी पाहून सासूबाई बहुधा उतरतीलच.

अंतर सुमारे बारा ते पंधरा किलोमीटर आहे. चौघांत टॅक्सी परवडते. बसच्या भरवशावर राहू नये, या बाबतीत सहा पस्तीसची लोकल यांच्याशी पूर्ण सहमत. आणखी एक गोष्ट: सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी फ्रान्सभर वारसा दिन असतात. एरवी बंद असलेल्या काही जागा तेव्हा उघडतात, पण गर्दीही उसळते. तारखा तपासून घ्या.

चुलीपुढे

खाण्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. रविवारी सकाळी नदीकाठी मोठा बाजार भरतो. शुक्रवारीही भरतो, पण आपण पोहोचेपर्यंत तो आवरलेला असेल. तिथे सँत-मोर नावाचे बकरीच्या दुधाचे चीज मिळते. हातभर नाही, पण वीतभर लांबीची राखाडी वळकटी असते आणि तिच्या मधोमध राय या धान्याच्या काडाची एक काडी आरपार घातलेली असते. बाहेरचा करडा थर राखेचा असतो, तो खाता येतो. आतला भाग ताजा असताना आपल्या चक्क्याची आठवण करून देतो. मात्र एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे: असली पारंपरिक चीजे विरजण्यासाठी वासराच्या किंवा करडाच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, वापरतात. अंडे खाणाऱ्यांपैकी काहींना ते चालते, काहींना नाही. सासूबाईंना आधी सांगा, नंतर कळले तर वाईट वाटते.

फुए हा या भागातला छोटा पाव भट्टीत टम्म फुगतो आणि गरम असतानाच पोटात सारण भरून देतात. अळंबी किंवा पांढऱ्या घेवड्याचे सारण मागा, पण घेवडा डुकराच्या चरबीत शिजवलेला नाही ना, हे विचारा. सलाडमध्येसुद्धा मांसाचे बारीक तुकडे न सांगता पडतात. नुसते "शाकाहारी" म्हणू नका, "मांस नको, डुकराचे तुकडे नकोत, मासे नकोत" असे एकेक नाव घेऊन मुलीला सांगायला लावा. दुपारी दोननंतर संध्याकाळी सातपर्यंत बहुतेक स्वयंपाकघरे बंद असतात. सासूबाईंच्या चारच्या भुकेसाठी पिशवीत काहीतरी असू द्या.

गोदाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कालची संध्याकाळ हे सगळे सासूबाईंना वाचून दाखवण्यात गेली. शुक्रवारी संध्याकाळी पूल आणि बेट, शनिवारी सकाळी टॅक्सीने शनोंसो, दुपारी विश्रांती घेऊन क्लो ल्यूसे, आणि रविवारी आधी बाजार, मग राजवाडा असे ठरले आहे. ब्ल्वा या खेपेला राहिले. वारसा दिनांचा शनिवार-रविवार टाळण्यासाठी आम्ही एक आठवडा आधी जात आहोत.

चिजाबद्दल सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि त्या म्हणाल्या, की त्या फक्त काडी पाहतील. त्या पंचवीस दगडांपाशी फूल ठेवलेले चालते का, असे त्यांनी विचारले आहे. कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.

थिबा पॉइंट

मी गेलो तेव्हा दोन दगडांपाशी कोणीतरी ठेवलेली सुकी फुले होती आणि ती कोणी उचलली नव्हती. बागेतली मात्र तोडू नका. रविवारी बाजारातून येतानाच घेऊन या.