लिनक्स मिंटला यूएसबी साउंड कार्ड जोडायचंय, कुठलं घेऊ?

सूनबाई साताऱ्याची
नमस्कार मंडळी. सासूबाई गाणं शिकवतात. लॉकडाऊनपासून निम्मी शिकवणी झूमवर चालते, त्यात एक मुलगी थेट न्यू जर्सीची. घरचा पीसी असेंबल केलेला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट 21.3 ही प्रणाली. टाकलं नवऱ्यानं, तो कायम फिरतीवर, म्हणून निस्तरायचं मी. माइक मागच्या गुलाबी भोकात लावला की सतत घूंss असा आवाज. तीनशेची यूएसबी डोंगल आणली, घूं कमी झालं, पण सासूबाई विहिरीत बसून गातायत असं वाटतं. भाच्यानं एक चांगला कंडेन्सर माइक दिलाय, तो डोंगलवर मुळीच बोलत नाही. बजेट सात-आठ हजार. ड्रायव्हर शोधत बसावं लागणार असेल तर आधीच सांगा, नाद सोडते.

जुना रेडिओ
नाद सोडू नका. भाच्याचा माइक ठणठणीत असणार. कंडेन्सरला 48 व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज) लागतो, डोंगल देते जेमतेम दोन-तीन व्होल्ट. त्यामुळे तो गप्प.

दुकानात एकच विचारा: कार्ड 'क्लास कम्प्लायंट' आहे का? म्हणजे यूएसबी ऑडिओचा जो सामायिक नियम आहे (पहिली आवृत्ती 1998 ची, दुसरी 2006 ची) तो पाळतं का. पाळत असेल तर लिनक्सच्या कर्नलमध्येच (म्हणजे गाभ्यातच) त्याचा ड्रायव्हर बसलेला आहे, काही टाकायचं नाही. गंमत म्हणजे दुसऱ्या आवृत्तीची कार्डं विंडोजला स्वतःच्या ड्रायव्हरवर चालवता यायला 2017 उजाडलं, आपल्या लिनक्सवर ती त्याच्या कितीतरी आधीपासून चालताहेत. एरवी बढाई मारायला मिळत नाही, म्हणून सांगून घेतलं.

एकच माइक असेल तर बेहरिंजर यूएमसी 22 पुरे. ते 16 बिट आणि 48 किलोहर्ट्झवर थांबतं, झूमच्या शिकवणीला त्याहून जास्त लागत नाही. पुढे दुसरा माइक लागायची शक्यता असेल तर आत्ताच यूएमसी 202 एचडी घ्या.

माणदेशी
फोकसराइट स्कार्लेट सोलोही छान, पण बजेटबाहेर जाईल. कुणी तिसऱ्या पिढीचं जुनं देत असेल तर एक लक्षात ठेवा: नवं असताना ते जोडल्यावर पेन ड्राइव्हसारखं दिसतं. बिघाड नव्हे. 48 व्होल्टचं बटण दाबून धरून चालू केलं की तो प्रकार जातो.

आणि कार्ड घेण्याआधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. आमच्याकडे महिनाभर माइकला शिव्या दिल्या, शेवटी वायरमननं बोर्ड उघडला तर हिरवी वायर लोंबकळत होती.

निवांत
पल्सऑडिओ (आवाज इकडून तिकडे वळवणारा प्रोग्राम) काढून टाका, सगळं थेट अल्सावर (कर्नलमधल्या आवाजाच्या ड्रायव्हरवर) चालवा. सगळ्या दुखण्याचं मूळ तेच.

टर्मिनलवाला
ताई, वरचं अजिबात करू नका. पल्सऑडिओ काढलं तर मिंटच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये धड काही उरणार नाही आणि मिस्टर घरी आल्यावर आम्हालाच बोल लागेल. हा सल्ला पंधरा वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हाही तो बराचसा वैतागापोटीच दिला जायचा.

सूनबाई साताऱ्याची
सुचवलेल्यांपैकी एकच माइकवालं कार्ड काल आलं. अर्थिंगही बघितलं, ते ठीक निघालं. कार्डावर दिवा लागतो, पण आवाज अजून मॉनिटरमधूनच येतो आणि माइक दिसतच नाही. सासूबाई "परत करून टाक" म्हणतायत.

टर्मिनलवाला
थांबा. आधी बघू पीसीला ते दिसतं का. कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाकताना रोमनमध्ये टाका. 'एलएसयूएसबी' लिहून एंटर. यादीत कार्डाची किंवा त्यातल्या चिपची ओळ हवी. नसेल तर वायर किंवा पोर्ट; पुढचं पोर्ट आणि हब सोडून थेट मागे लावा. असेल तर 'एरेकॉर्ड -एल' टाका, त्यातही नाव आलं की ड्रायव्हरचा विषय संपला. उरते ती निवड.

मॉनिटर एचडीएमआयनं जोडलेला असला की मिंट बऱ्याचदा त्यालाच मुख्य स्पीकर समजतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' घ्या. त्यात अगदी शेवटच्या टॅबवर, कॉन्फिगरेशनवर, प्रत्येक कार्डाचं प्रोफाइल असतं. तुमचं बहुतेक फक्त आउटपुटवर असेल, म्हणून माइक दिसत नाही. 'स्टिरिओ आउटपुट + स्टिरिओ इनपुट' असं काहीतरी असेल ते निवडा. एचडीएमआयवालं 'ऑफ' करा. मग झूममध्ये जाऊन तिथला माइकही बदला, ते जुनंच धरून बसतं.

सूनबाई साताऱ्याची
झालं! प्रोफाइलच होतं. पोर्टही बदललं. आवाज असा स्वच्छ की मागच्या गल्लीतला भंगारवालाही ऐकू येतो.

पण नवीन तक्रार. हेडफोन लावणाऱ्या मुली म्हणतात, आजींचा आवाज फक्त डाव्या कानात येतो. शिवाय थोडा वेळ गप्प बसून गायला लागलं की पहिला सा अर्धा गिळला जातो.

जुना रेडिओ
दोन्ही नेहमीचं आहे, कार्डात दोष नाही. दोन इनपुट म्हणजे त्याच्या लेखी डावा आणि उजवा. माइक एक नंबरला, म्हणजे डावा. उजवीकडे शांतता.

निवांत
मग दोन्हीकडे माइक लावा :)

टर्मिनलवाला
डावी बाजू उचलून तिचा मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच येणारा, माइक करायचा. 'पीएसीटीएल लिस्ट शॉर्ट सोर्सेस' टाका, त्यात 'अल्सा इनपुट'नं सुरू होणारं कार्डाचं लांबलचक नाव असेल, ते कॉपी करा. मग 'मॉड्यूल-रीमॅप-सोर्स' हे मॉड्यूल (पल्सऑडिओचा जोडभाग) लोड करायचं: मास्टर म्हणजे ते लांबलचक नाव, मास्टर चॅनेल मॅप 'फ्रंट-लेफ्ट', चॅनेल मॅप 'मोनो', नाव काय हवं ते द्या. झूममध्ये हा नवा माइक निवडा. पूर्ण ओळ खाजगी निरोपात पाठवतो, ती पल्सऑडिओच्या 'डिफॉल्ट.पीए' या सेटिंगच्या फाइलच्या शेवटी टाकली की रोज टाइप करायला नको. मिंट 22 वर गेलात तर तिथे पल्सऑडिओऐवजी पाइपवायर आहे. मॉड्यूल हेच चालतं, फाइल वेगळी.

सा गिळण्याचं कारण: पाच सेकंद कुठलाच प्रोग्राम कार्ड वापरत नसला की पल्सऑडिओ त्याला झोपवतं. त्याच फाइलमध्ये 'मॉड्यूल-सस्पेंड-ऑन-आयडल' ही ओळ शोधा, तिच्या सुरुवातीला # टाका आणि लॉगआउट करून परत या.

माणदेशी
झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलंत का? नाहीतर तानपुरा त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो पुसून टाकतं.

सूनबाई साताऱ्याची
तेच तर! सासूबाई म्हणत होत्या की मुली बेसूर होतायत. मुलींना तानपुराच ऐकू जात नव्हता. आता जातो. डावा कान-उजवा कान मिटलं, सा पण पूर्ण लागतो. टर्मिनलवाल्या दादांचे विशेष आभार.

न्यू जर्सीवाली मात्र एकत्र गायला लागली की मागेच राहते. हे कुठे बदलायचं?

जुना रेडिओ
कुठेच नाही. कार्डाचा उशीर असतो काही मिलिसेकंदांचा, हा उशीर समुद्रापलीकडचा आहे. आधी सासूबाई, मग ती, असंच गा.

सूनबाई साताऱ्याची
सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, नीट ऐकेल तरी. आता त्यांना तबल्यासाठी दुसरा माइक हवाय. दोन नंबरच्या भोकात लावला, आवाजच येत नाही. आता काय?

जुना रेडिओ
ते भोक गिटारचं, माइकचं नाही. पहिल्या उत्तरातलं शेवटचं वाक्य परत वाचा.

सूनबाई साताऱ्याची
वाचलं. परत करायची मुदत परवा संपते, कुरिअरवाल्याला फोन लावतेय.