मदत हवी आहे: ७ नंबरचा लेखक शोधला की १७ चीही पुस्तकं येतात

घाईत_आहे: वाचनालयाची यादी करतोय. पुस्तके टेबलात लेखक_आयडी रकाना आहे, त्यात '३,१७, ४२' असं भरलंय. लाइक (मजकुरात तुकडा शोधणारी अट) कसं लिहू? उद्या द्यायचंय.

कोकणकडा: डेटाबेस कुठला?

हत्तीवाला: पोस्टग्रेस घ्या, अ‍ॅरेचा (अख्खी यादी ठेवणारा) रकाना मिळतो. विषय संपला.

कोकणकडा: अ‍ॅरेतल्या आयडींना फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारा नियम) लावता येत नाही. लेखक उडवला तरी आयडी तिथेच लोंबकळतो. संपला कसला!

घाईत_आहे: मायएसक्यूएल ८. टेबल बदलायचं नाहीये, फक्त लाइक सांगा.

तिसरा_डबा: लाइक नको, फाइंड_इन_सेट(७, लेखक_आयडी) वापरा, ते स्वल्पविरामांच्या यादीत नेमका ७ शोधतं. पण तुमच्या ४२ च्या आधी स्पेस आहे, तो सापडणार नाही. आधी रिप्लेसने स्पेस काढा.

कोकणकडा: ही मलमपट्टी झाली, त्यात इंडेक्सचा (शोध जलद करणारी सूची) उपयोग होत नाही. तिसरं टेबल करा: पुस्तक_लेखक. रकाने पुस्तक_आयडी, लेखक_आयडी, भूमिका, क्रम. प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) पहिल्या तिघांची मिळून. भूमिका वगळलीत तर संपादकानेच अनुवादही केलेलं पुस्तक आलं की डुप्लिकेट एंट्री म्हणून अडेल. लेखकावरून पुस्तकं शोधायला लेखक_आयडीवर वेगळा इंडेक्स हवा. फॉरेन की लावली की मायएसक्यूएल तो स्वतःच करतं. पोस्टग्रेस करत नाही, हत्तीवाले.

हत्तीवाला: तिघांची की कशाला? आपोआप वाढणारा आयडी ठेवा, फ्रेमवर्कला तेच झेपतं.

कोकणकडा: ठेवा की. पण तिघांवर युनिक (दुबार नको ही अट) लावा, नाहीतर तीच जोडी दोनदा शिरते.

पानवेल: वाचनालयच आहे तर कोहा, म्हणजे ग्रंथालयाचं तयार सॉफ्टवेअर, का नाही टाकत? फुकट आहे.

तिसरा_डबा: त्यांनी ते विचारलेलं नाही. जुना डेटा असा हलवा:
इन्सर्ट इनटू पुस्तक_लेखक सिलेक्ट पु.आयडी, ले.आयडी, 'लेखक', फाइंड_इन_सेट(ले.आयडी, रिप्लेस(पु.लेखक_आयडी, ' ', '')) फ्रॉम पुस्तके पु जॉइन लेखक ले ऑन फाइंड_इन_सेट(ले.आयडी, रिप्लेस(पु.लेखक_आयडी, ' ', '')) > ०;
फाइंड_इन_सेट यादीतली जागा परत देतं, तोच क्रम. लेखक टेबलात नसलेले आयडी मात्र गुपचूप गळतील. जुना रकाना उडवण्याआधी दोन्हीकडची संख्या ताडून बघा.

घाईत_आहे: झालं. आता ग्रुप_कॉन्कॅटने नावं एका ओळीत काढतोय, तर एका दिवाळी अंकाची यादी मध्येच तुटते.

तिसरा_डबा: त्याची मर्यादा १०२४ बाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्राही सुटत नाहीत. म्हणजे जेमतेम ३४० चिन्हं. क्वेरीआधी सेट सेशन ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन = १०००००; चालवा. आणि आत ऑर्डर बाय क्रम घाला, नाहीतर पहिला लेखक शेवटी जाऊ शकतो.

पानवेल: कोहात हे सगळं तयार मिळतं.