मदत हवी आहे : चिनीत 'सडपातळ', 'शेलाटी', 'डौलदार' नेमकं कसं म्हणायचं?

शेवंती_७
एचएसके (चिनी भाषेची परीक्षा) पाचव्या पातळीची तयारी चालू आहे. म्याव२थ्याव, काव१थ्याव३, याव३थ्याव३, थिंग२थिंग२ यू४ली४ (आकडे चिनी उच्चारातल्या सुरांचे, म्हणजे आवाजाच्या चढउतारांचे). कोशात सगळ्यांपुढे 'सडपातळ, सुंदर' एवढंच! 'ता१ ष४ म्याव२थ्याव' चूक ठरलं, 'हन३ थिंग२थिंग२ यू४ली४' सुद्धा. का? आणि पुरुषांना काय म्हणतात?

बोरू
'ती सडपातळ आहे' मधला 'आहे' तुम्ही 'ष४' करून नेलात. चिनी विशेषणाला तो लागत नाही. 'ष४' घातलं की 'सडपातळ आहेच मुळी' असा जोर येतो. साधं वाक्य: 'ता१ षन१त्साय२ हन३ म्याव२थ्याव'. हन३ म्हणजे 'खूप', षन१त्साय२ म्हणजे अंगकाठी. विशेषण पाठ करताना षन१त्साय२ जोडीनेच पाठ करा.

म्याव म्हणजे कोवळं रोप, थ्याव म्हणजे डहाळी. रोजच्या बोलण्यातला शब्द, पण बायकांसाठीच. काव१थ्याव३ला उंची हवीच, म्हणजे आपली शेलाटी. शिऊ१छांग२ बोटांना, पायांनाही चालतो: 'षोऊ३च३ शिऊ१छांग२', लांबसडक बोटं. याव३थ्याव३ 'ष१चिंग१' या प्राचीन काव्यसंग्रहातल्या पहिल्याच कवितेत आहे. गप्पांत पुस्तकी वाटतो. उच्चारताना दोन तिसरे सूर लागून आल्याने पहिला दुसरा होतो: याव२थ्याव३.

थिंग२थिंग२ यू४ली४ फार सुंदर शब्द आहे. यू म्हणजे जेड, ली म्हणजे उभं राहणं. वयात आलेली ताठ, सडसडीत मुलगी किंवा पाण्यावर उभं कमळ. 'खूप' त्यातच मुरलेलं आहे, म्हणून हन३ लागत नाही. 'चांग३ त थिंग२थिंग२ यू४ली४' म्हणा (चांग३ म्हणजे वाढणं). हा चांग३ आणि शिऊ१छांग२ मधला छांग२ एकाच अक्षराने लिहितात, वाचताना हमखास फसायला होतं.

तळटीप
पुरुषाला म्याव२थ्याव म्हणू नका, बायकी वाटतं. यून२छन४ (बांधेसूद) दोघांना चालतो. उंच, देखण्या पुरुषाला यू४षू४ लिन२फंग१, 'वाऱ्यापुढचं जेडचं झाड'. फंग१तू४ फ्येन१फ्येन१ म्हणजे रुबाबदार, पण तो रुबाब वागण्यातला. योऊ१या३ही चालण्याबोलण्यातल्या डौलाला, अंगकाठीला नाही. नुसता षोऊ४ म्हणजे बारीक. त्यात कौतुक नाही.

उच्चार: पिनयिनमधला (चिनीच्या रोमन लिपीतल्या लेखनातला) टी म्हणजे थ, डी म्हणजे त. तळवा तोंडासमोर धरा. 'थ्याव'ला हवेचा झोत लागायला हवा, 'त्याव'ला नको.

शेवंती_७
'थिंग२थिंग२ यू४ली४ षाव४न्यू३' बरोबर?

बोरू
मध्ये विशेषण नामाला जोडणारा 'त' हवा: 'थिंग२थिंग२ यू४ली४ त षाव४न्यू३'. चार अक्षरी शब्द नामाआधी आला की हा 'त' गाळू नका.