जपानहून फिगर मागवताना रक्कम येनमध्ये कापू द्यावी की रुपयांत?

मूळ मांडणी (पुणे)

जपानी दुकानांतून फिगर (ॲनिमेतील पात्रांच्या संग्राह्य मूर्ती) किंवा गुंडम या रोबोंच्या ॲनिमे मालिकेचे मॉडेल संच मागवताना पैसे भरण्याच्या पानावर अनेकदा विचारले जाते की रक्कम येनमध्ये कापायची की रुपयांत. रुपयांच्या पर्यायावर खूण बहुधा आधीच केलेली असते, ओळखीच्या चलनातला आकडा समोर दिसतो आणि आपण तसेच पुढे जातो. ती खूण प्रत्येक वेळी काढून येन निवडावे, असे माझे ठाम मत आहे. रुपयांचा दर तिथे दुकान किंवा त्याची पेमेंट कंपनी ठरवते आणि स्वतःचा नफा त्यातच मिसळते. येन निवडले तर रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होते. हा दर बाजारातील दराच्या बराच जवळ असतो आणि त्यावर फक्त आपल्या बँकेचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनातील व्यवहारावरचे जादा शुल्क, चढतो.

माझ्या एका फिगरची किंमत 18,000 येन होती. कार्डाचा दर येनला 58 पैसे होता, म्हणजे 10,440 रुपये झाले. त्यावर बँकेचा 3.5 टक्के मार्कअप आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी धरून स्टेटमेंटवर 10,871 रुपये आले. दुकानाने त्याच पानावर रुपयांत दाखवलेला आकडा 11,180 होता. शिवाय परदेशी दुकानाने रुपयांत कापलेल्या रकमेवरही माझी बँक एक टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी घेते, त्यामुळे तो पर्याय 11,312 रुपयांना पडला असता. हे 441 रुपये केवळ एका खुणेचे आहेत.

प्रतिसाद (ठाणे)

आपले गणित बरोबर आहे, परंतु लक्ष चुकीच्या जागी वेधले जात आहे असे मला वाटते. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले. पार्सल खेळणी म्हणून वर्गीकृत होऊन त्या दराने आकारणी झाली, तर आपल्या फिगरवर आणि 3,000 येनच्या टपालखर्चावर मिळून सुमारे साडेआठ हजार रुपये मूळ शुल्क होते, आयजीएसटी (आयातीवर लागणारा एकात्मिक जीएसटी) वेगळा. त्यापुढे 441 रुपयांसाठी नव्या संग्राहकाला दोन दरांच्या गुंत्यात पाडण्याऐवजी त्याला आधी सीमाशुल्काची कल्पना द्यावी. रुपयांत भरले की निदान किती कापले गेले हे त्याच क्षणी कळते, आणि महिन्याचा हिशेब काटेकोर ठेवणाऱ्याला त्याचे मोल असते.

मूळ लेखकाचे उत्तर

सीमाशुल्क मोठे आहे, हे मान्य. पण ते आपल्या हातात नाही. मूल्यांकन करताना सीमाशुल्क विभाग स्वतः प्रसिद्ध केलेला विनिमय दर वापरतो. कार्डावर आपण किती रुपये भरले याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून महाग दराने पैसे भरले तरी शुल्कात सवलत मिळत नाही, तो भुर्दंड निव्वळ आपला असतो. निश्चिततेच्या मुद्द्याबाबत सांगायचे तर अनेक जपानी दुकाने पूर्वनोंदणीची रक्कम माल पाठवतानाच कापतात, कधी कधी वर्षभरानंतर. तोवर रुपयांतला आकडाही पक्का नसतोच.

प्रतिसाद (नाशिक)

मार्कअप नसलेले कार्ड घेतले तर हा वादच उरत नाही, असे काही जण सांगतील, म्हणून त्याचाही हिशेब मांडतो. वरच्या उदाहरणात असे कार्ड फिगरमागे 431 रुपये वाचवते. वर्षाला अशा चार फिगर घेतल्या तर 1,724 रुपये होतात. कार्डाची वार्षिक फी जीएसटीसह याहून कमी असेल तरच ते परवडते. वर्षाला एकच संच घेणाऱ्याने या फंदात पडू नये.

येन निवडण्याची एक बाजू मात्र मूळ मांडणीत आलेली नाही. माझी एक मागणी दुकानाने तीन आठवड्यांनी रद्द केली आणि येन पूर्ण परत केले, पण परतावा त्या दिवशीच्या दराने आला आणि बँकेने आधीचा मार्कअप परत केला नाही. वस्तू हातात न येताही पैसे गेले.

प्रतिसाद (ओसाका)

इथे राहून गावाकडच्या मित्रांसाठी मी अधूनमधून खरेदी करतो. आपण सर्वजण तीन-चार टक्क्यांवर बोलत आहात. त्याहून मोठी गळती जपानच्या 10 टक्के उपभोग करात आहे. दुकान थेट परदेशी पाठवत असेल तर निर्यातीवर हा कर लागत नाही, आणि काही दुकाने करविरहित किंमतच आकारतात. मध्यस्थ सेवेमार्फत घेतले तर माल आधी तिच्या जपानमधील गोदामात पोहोचतो, म्हणून दुकान करासह किंमत घेते, आणि सेवेचे शुल्क वर पडते. करासह 19,800 येन लिहिलेल्या खोक्यातले 1,800 येन हे कराचेच असतात.

मूळ लेखकाचे उत्तर

नाशिककरांचा अनुभव महत्त्वाचा आहे. मागणी करतानाच रक्कम कापणारी दुकाने मी यापुढे टाळेन, कारण दुकानाच्या हाती माल नसताना कापलेल्या रकमेवर मार्कअप बुडण्याचा धोका राहतो. ओसाकाहून आलेला मुद्दा मला पूर्णतः नवा आहे: थेट पाठवणारे दुकान मिळत असेल तर आधी ते शोधावे आणि मग तिथे येन निवडावे. ठाण्याच्या मित्रांशी माझा मतभेद मात्र कायम आहे. नवख्याला सीमाशुल्काची कल्पना अवश्य द्यावी, पण ती खूण काढायलाही त्याच वेळी शिकवावे. त्याला काही सेकंदच लागतात.