मदत हवी आहे : दोन एटीव्हींचा ट्रेलर पिकअपमागे लावून ताम्हिणी उतरायचाय

कोथरूडचा_पिकअपवाला
नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर दिवेआगरच्या कॅम्पला दोन एटीव्ही (कच्च्या रस्त्यावरच्या चारचाकी बाइक) न्यायच्या आहेत. त्या रस्त्यावर चालवता येत नाहीत, म्हणून ट्रेलर.

पिकअप डबल केबिन, टू-व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअर. ट्रेलर एकाच अ‍ॅक्सलचा, ४.३ मीटर लांब, ओव्हररन ब्रेकवाला (पिकअपला ढकलू लागला की आपोआप ब्रेक लागणारा). बॉलपासून (पिकअपमागचा गोळा, ट्रेलर त्यावर अडकतो) अ‍ॅक्सलपर्यंत ३ मीटर. रिकामा ३६० किलो, एटीव्ही प्रत्येकी ३००, लोखंडी रॅम्पची जोडी ४०. म्हणजे बरोबर एक टन. एटीव्ही एकामागे एक उभ्या, रॅम्प मागच्या फाळक्याला टांगलेले.

बायपासवर ५० पर्यंत ट्रेलर गुणी बाळ, ६० ओलांडले की शेपूट हलवायला लागतो. हवा तपासली, ठीक आहे. दुकानदार म्हणतो स्टॅबिलायझर (डुलणं रोखणारी जोडणी) बसवा. बसवू का? आणि घाट कुठल्या गिअरात उतरावा?

बारा_तेराचा_पाना
दुकानदार म्हणणारच. आधी बॉलवर किती वजन येतंय ते मोजा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं, म्हणजे तुमच्याकडे १०० ते १५० किलो. कमी असलं की ट्रेलरचा मागचा भाग लंबकासारखा डुलतो, आणि वेग वाढला की ते डुलणं आपोआप शमत नाही.

मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर जाऊ नका. तो ट्रकसाठी आहे, पाच-दहा किलोच्या टप्प्यात मोजतो. घरचा बाथरूमचा काटा पुरतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना दगड लावा. एक जाड फळी घ्या, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन आधारांत ९० सेंटिमीटर अंतर. ड्रॉबारचा (ट्रेलरच्या पुढच्या जोडदांड्याचा) जॅक विटेपासून ३० सेंटिमीटरवर टेकवा. काट्यावरचा आकडा गुणिले तीन. फळीचं वजन आधी वजा करा आणि ड्रॉबार पिकअपला जोडल्यावर असतो त्याच उंचीला ठेवा, नाहीतर आकडा खोटा येईल.

कोथरूडचा_पिकअपवाला
मोजलं. काटा १५ दाखवतो. म्हणजे ४५ किलोच?

बारा_तेराचा_पाना
मग डुलणारच. रॅम्प मागून काढून पुढच्या टोकाला आडवे बांधा. ४० किलो साधारण ४ मीटर पुढे सरकले आणि बॉल ते अ‍ॅक्सल ३ मीटर, म्हणजे बॉलवर ५३ किलोची भर. झाले ९८. दोन्ही एटीव्ही पाच सेंटिमीटर पुढे घेतल्या की आणखी १०. स्टॅबिलायझरचे पैसे वाचले. चुकीच्या वजनावर स्टॅबिलायझर लावणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर फोडणं.

फार पुढेही ढकलू नका. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो. व्हीलबेस ३ मीटर आणि बॉल अ‍ॅक्सलमागे १.१ मीटर धरला, तर बॉलवरचे १०० किलो मागच्या चाकांवर १३७ होतात आणि पुढची चाकं ३७ किलोने हलकी होतात. पहाटे दवाने ओल्या वळणावर स्टीअरिंग हलकं लागेल ते यामुळे.

ताम्हिणीचं_वळण
घाटाबद्दल. ज्या गिअरात तो चढ चढला असता, त्याच गिअरात उतरायचं. बहुतेक ठिकाणी दुसरा, मोकळ्या टप्प्यात तिसरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ठाम दाबून वेग ३० पर्यंत आणा आणि पूर्ण सोडा.

ओव्हररन ब्रेकची गोम लक्षात घ्या. ट्रेलर पिकअपला मागून ढकलतो, कपलरचा (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या वाटीचा) दांडा आत जातो आणि ड्रम ब्रेक लागतात. त्याला तुम्ही पेडल दाबलंय की इंजिनने गाडी रोखलीय, यातला फरक कळत नाही. म्हणून लांब उतारावर ट्रेलरचे ड्रम सतत घासत असतात. मध्ये दोनदा थांबा, हबजवळ हात न्या. न टेकवताही धग लागली तर पंधरा मिनिटं चहा घ्या, पाणी ओतू नका. पिकअपचं ब्रेक ऑइल जुनं असेल तर निघण्याआधी बदला. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशाला उकळतं. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते, आणि मग पेडल थेट खाली.

वळणावर ट्रेलर आतल्या बाजूने कापत जातो. डोंगराच्या कडेचं गटार विसरलात तर चाक त्यात. डुलायला लागलाच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा, उलटसुलट फिरवू नका.

रात्रपाळी
मुळशीच्या पाण्याकडेने पहाटे धुकं असतं. चालत्या गाडीत हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावू नका, वळण्याचा इंडिकेटर मागच्याला दिसत नाही. आणि इंडिकेटर दिला की ट्रेलरचा टेल-लॅम्प लुकलुकत असेल तर विजेचा अर्थ (करंटचा परतीचा मार्ग) बॉलमधून जातोय. ट्रेलरच्या चासीपासून प्लगपर्यंत वेगळी अर्थची वायर ओढा.

नोंदणी ट्रेलरची वेगळी लागते हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ नुसार पिकअपचा नंबरही ट्रेलरमागे दिसायला हवा.

कोथरूडचा_पिकअपवाला
रॅम्प पुढे घेतले, एटीव्ही सरकवल्या. आता काटा ३६, म्हणजे १०८. बायपासवर ७० ला सरळ! बॉलवर ५० मिमी लिहिलंय, कपलरवर मात्र २ इंच. चालेल ना?

बारा_तेराचा_पाना
नाही! २ इंच म्हणजे ५०.८. त्या कपलरला ५० चा बॉल ढिला बसतो, खड्ड्यात उडून सुटू शकतो. बॉल बदला. मग कपलर लॉक करून ड्रॉबारचा जॅक इतका फिरवा की पिकअपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली जाईल. सुटला नाही तर बसलाय. साखळ्या ड्रॉबारखाली एकमेकींना छेदून लावा; कपलर सुटला तर ड्रॉबार त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

एटीव्हीला चार रॅचेट पट्टे, चासीला. हँडलला किंवा कॅरिअरला नव्हे. पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्यात फडफडत नाही. चांदणी चौकातून निघालात की पौडला थांबून पुन्हा आवळा, तोवर ते सैल होतात. व्हील नट नव्याने आवळले असतील तर ८० किलोमीटरनंतर परत बघा.

ताम्हिणीचं_वळण
दिवेआगरहून परतताना हब, पाटे आणि ओव्हररनचा दांडा गोड्या पाण्याने धुवा, प्लगच्या पिनांना ग्रीस लावा. ट्रेलरचं चाक पिकअपच्या स्टेपनीने भागत नाही, तेव्हा ट्रेलरची वेगळी स्टेपनी आणि त्याच मापाचा पाना सोबत हवा.